अध्यक्षसाहेब, तुमचा धर्म कोणता?

बोळसूर,
६ फेब्रुवारी १९८४

चांगुणाक्कास पिराजीचा जयभीम.

आक्का, आधी खाली बस, पाणी पी, मग वाच. तुझा भाऊ नगरपालिकेचा अध्यक्ष व्हायलाय!

भीमनगरच्या राखीव जागेवर मी निवडून आलो, हे तुला लिंगराजनं सांगितलं आसंलच. त्याची बस रोज गुलबर्ग्याला जाती आन् तिकिटाबरोबर तो गावच्या बातम्याबी फाडून देतो. पर पुढचं त्यालाबी ठाव न्हाई. मेंबर तेरा. सहा भगवानरावचे, सहा बसलिंगप्पा तूरवाल्याचे, आन् मधी मी. दोघांतला एकबी मागं सरना. शेवटी भगवानरावच म्हणला, "तुमचाबी नको, माझाबी नको, पिराजीला करू." बसलिंगप्पा लई वेळ सुपारी चघळत बसला आन् मग म्हणला, "आगली," म्हंजे हू द्या. झालं. काल सकाळपर्यंत मला 'ए पिऱ्या, पायजम्याची नाडी घाल' म्हणणारा भगवानराव आज 'पिराजीराव' म्हणायलाय. नावाला राव लागला गं आक्का, आन् दुकानाला अजून नावाची फळीबी न्हाई.

सोमवारी शपथविधी हाय. बिदरहून साहेब येणार. शपथ कन्नडात. बोलायचं कन्नड मला येतंय, वाचायचं न्हाई. म्हणून बसलिंगप्पाच्या पोरीकडनं ती आपल्या अक्षरात लिहून घेतली आन् मशीन चालवता चालवता घोकायलोय. गिऱ्हाईक म्हणतंय, "पिराजी, झंपर शिव की, मंत्र कसले म्हणायलास!"

एक पेपरवाला आला व्हता. इचारला, अध्यक्ष म्हणून पहिलं काम काय? म्हणलं, भीमनगरला नळ. दुसरं? नळ. तिसरं? म्हणलं, आधी पहिलं तर हू द्या! टाकी बांधून वर्षं झाली, पाइप बाजारापर्यंत आला आन् नाल्याच्या अलीकडं येऊन मेला. आपल्या बाया अजून भगवानरावच्या विहिरीवर. दोर आपला, घागर आपली, पर नंबर शेवटचा. तू लग्न हून गेलीस तवा जसं व्हतं, तसंच हाय.

तू यायलाच पायजेस. माय खूश हाय वाटतं.

तुझा,
पिराजी


गुलबर्गा,
९ फेब्रुवारी १९८४

माझ्या अध्यक्षा, जयभीम!

पत्र वाचलं आन् शाळेत सगळ्या बाईंना पेढे वाटले. हेडमास्तर म्हणाले, "चांगुणाबाई, बदली झाली का?" म्हणलं, माझी न्हाई, आमच्या घराण्याची झाली! मला येता यायचं न्हाई रे. पोरांची परीक्षा तोंडावर आलीय, रजा मागितली तर हेडमास्तर डोळे वटारतात. लिंगराजच्या हाती पांढरा सदरा धाडते. तू शिंपी हैस म्हणून सोताचा सदरा कधी शिवणार न्हाईस, हे मला ठाव हाय.

आता रागावू नको. एक इचारते. भगवानरावला तूच कामून सापडलास? बोकडाला हार घातला की त्याला वाटतं आपली वरात निघाली. हार बघू नकोस, दोरी कुणाच्या हातात हाय ते बघ.

आन् दुसरं. शपथ दोन तऱ्हेची अस्ती. एकीत 'देवर हेसरिनल्लि', देवाच्या नावानं. दुसरीत देव नस्तो, 'सत्यनिष्ठेनं' म्हणायचं. कायद्यात दोन्ही चालतात. इथल्या वकिलाला इचारून लिहायलेय. बसलिंगप्पाच्या पोरीनं कोणती लिहून दिलीय ते आधी बघ. तू दुसरी म्हण.

अप्पांनी दीक्षा घेतली त्या दिवसाची तुला आठवण हाय का? तू लई बारका व्हतास. देव्हाऱ्यातले टाक आन् मरीआईचा दगड टोपल्यात घालून अप्पा मांजरा नदीला गेले, आन् आपण दोघं मागनं पळत. रिकामं टोपलं घेऊन येताना अप्पा सारखी मान चोळायले. तू इचारलंस, कामून चोळायलाव? म्हणले, "एवढूसे देव व्हते रे, पर लई जड व्हते."

तेवढं ध्यानात ठेव. बाकी मग तू अध्यक्ष हैस, मी कोण सांगणार!

तुझी,
आक्का


॥ श्री ॥
नगरपालिका कार्यालय, बोळसूर
१५ फेब्रुवारी १९८४

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

शपथविधी यथास्थित पार पडला. समारंभास मान्यवर उपस्थित होते. आपण पाठवलेला सदरा मिळाला, मापात बसला.

पुढील महिन्यात सर्वसाधारण सभा असून त्यात विकासकामांचा प्राधान्यक्रम ठरवण्यात येईल. नळाच्या विषयाचा योग्य वेळी विचार होईल. कामाचा व्याप फार असल्याने सविस्तर लिहिता येत नाही.

माय जरा नरम आहे. स्वतःपुरतं वेगळं शिजवते. काळजीचं कारण नाही.

आपला,
पिराजी


गुलबर्गा,
२० फेब्रुवारी १९८४

पिराजी,

हे पत्र कुणी लिहिलं? नगरपालिकेच्या कारकुनानं? माझा भाऊ मला 'आपण' कवापासून म्हणायला लागला? आन् माथ्यावर श्री! जयभीम कुठं गेलं रे? वाटेत पडलं का टपालवाल्यानं काढून घेतलं?

मी लिंगराजला चहाला बसवलं आन् कप रिकामा होईपर्यंत सगळं काढून घेतलं. तो म्हणला, "आक्का, माझं नाव सांगू नका, पर अध्यक्षांच्या कपाळाला भंडारा व्हता." शपथेच्या आधी तेराच्या तेरा जण मैलार मल्लण्णाच्या देवळात गेले आन् तू बेलभंडार उचललास. मग सभागृहात साहेबासमोर 'देवर हेसरिनल्लि' म्हणलास. माझा सदरा घालून म्हणलास!

मी तुला दोन ओळी सांगितल्या व्हत्या, दोनच. लई जड झाल्या का?

मायची तब्येत नरम न्हाई. माय तुझ्या चुलीवरचं खाईना, असं सरळ लिही की! जिनं देव्हारा सारवून तिथं आपली पुस्तकं मांडली, ती आता ह्या वयात वेगळी चूल फुंकायलीय. खुर्ची एवढी गोड लागली का रे तुला? पेढे वाटले मी शाळेत. आता तोंड कुठं लपवू?

मला उत्तर धाडू नको. धाडायचंच आसंल तर तू लिही, अध्यक्षानं नको.

चांगुणा


बोळसूर,
२६ फेब्रुवारी १९८४

आक्का,

मीच लिहायलोय. दुकान बंद करून, मशीनवर कागद ठेवून.

तू म्हणतीस खुर्ची गोड लागली. आक्का, खुर्चीवर बसलो की मला श्वास पुरना. सगळं सांगतो, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

शपथेच्या लई आधी, अर्ज भरायच्या दिवशीच मी अडकलो. साहेबानं इचारलं, "जात?" सांगितली. "धर्म?" मी अर्ज चाळायलो. जागा राखीव, आन् बौद्ध झालेल्याला राखीव जागा न्हाई, हे तुला ठाव हाय. कायदा म्हणतोय, तुम्ही देव सोडले, मग जातबी सुटली. इथं येऊन बघ म्हणावं, विहिरीवर कितवा नंबर लागतो ते! उघड्या जागेवर उभा राहिलो तर भीमनगरची मतं सोडून एक मत पडायचं न्हाई. म्हंजे बौद्ध म्हणून उभा राहिलो तर पडणार, आन् निवडून यायचं तर हिंदू म्हणायला लागणार. मागं भगवानराव उभा व्हता. हसून म्हणला, "पिराजी, मोठ्यानं सांग, साहेबाला ऐकू गेलं न्हाई."

मी मोठ्यानं 'हिंदू' म्हणलो, आक्का. नळ डोळ्यापुढं व्हता. मला वाटलं, एक शबुद तर हाय, पाणी आल्यावर चूळ भरून टाकीन.

त्या एका शब्दानं मला बांधलं. शपथेच्या दिवशी सकाळी भगवानराव म्हणला, "आपली रीत हाय, आधी मल्लण्णाला जायचं." मी म्हणलं, मला सूट द्या. तो म्हणला, "का बरं? पिराजीराव, तुमचा धर्म कोणता?" एवढंच. आवाज चढवला न्हाई, काही न्हाई. मी चपला काढल्या. बाराजणांनी बेल आन् भंडारा हातात घेतला, मीबी घेतला. भगवानराव सांगायला आन् आम्ही मागनं म्हणायलो: "आम्ही तेराजण एक राहू. अध्यक्ष आमच्या शब्दाबाहेर जाणार न्हाई. एकमेकावर वर कागद करणार न्हाई. केला तर मल्लण्णा इचारील." मग सभागृहात तुझी दुसरी शपथ ओठावर आली व्हती, खरंच आली व्हती. समोर पहिल्या रांगेत तो बसलेला, भुवया वर करून. तोंडातनं देवर हेसरिनल्लि निघून गेलं.

घरी आलो. मायनं दारातच अडवलं. म्हणली, "तोंड धुऊन ये." धुतलं. म्हणली, "अजून पिवळंच हाय." साबण लावून धुतलं. माझं थोबाड धरून बघितलं आन् म्हणली, "पिवळंच हाय रे." त्या दिवसापासून वेगळी चूल.

आता सभेचं ऐक. कामांचा क्रम भगवानरावनंच लावलाय. पहिलं काम बाजारात कमान. दुसरं कमानीवर दिवे. नळ सगळ्यात खाली, जसा आपला विहिरीवर नंबर. तयारीच्या बैठकीत मी म्हणलं, नळ वर घेऊ. तर सगळ्यांसमोर कसा अदबीनं इचारतो बघ, "अध्यक्षसाहेब, तुमचा धर्म कोणता?" बाकीच्यांना वाटतं चेष्टा. मी म्हणतो, राहू द्या, खालीच राहू द्या.

हिंदू म्हणलो तर बेलभंडारानं त्याच्या शब्दात बांधलेला. बौद्ध म्हणलो तर जागाच जाती आन् नळ कायमचा जातो. राजीनामा दिला तर त्याचा माणूस बसतो. तूच सांग, कुठनं निघू? तुझी भावजय कमल म्हणती, दुसऱ्यांचं माप घेता घेता सोताचंच माप दिलंव की! मला हसू आलं आन् मग लई रडू आलं.

पिराजी


गुलबर्गा,
३ मार्च १९८४

पिऱ्या, बाळा, जयभीम.

मी तुला गेल्या पत्रात काहीबाही लिहिलं. तुझं वाचून तीन वेळा भात करपवला. शिव्या द्यायला बसले तर त्या भगवानरावला जायल्यात, कायद्याला जायल्यात, तुझ्यापर्यंत येईनात.

पर तू चुकलास, ते चुकलासच. नळासाठी म्हणलास हे खरं. पर नळ आला आन् त्याचं पाणी मायच्या गळ्याखाली उतरलं न्हाई, तर ते पाणी कुणासाठी आणलंस? तूच तर लिहिलंस, चूळ भरून टाकीन. बघ, अजून तोंडातच हाय.

आता मी तुझं पत्र पुन्यांदा वाचलं, पोरांचे पेपर तपासते तसं. बेलभंडाराचे शबुद भगवानरावनं सोता सांगितले ना? "एकमेकावर वर कागद करणार न्हाई." एकमेकावर, पिराजी! म्हंजे वरच्या साहेबाकडं तुझी तक्रार त्यालाबी करता यायची न्हाई. तुला बांधायला दावं वळलं आन् त्यात सोताचाबी पाय अडकवून बसला. तू मल्लण्णाला मानत न्हाईस, तुझ्या हातात तो नुसता पाला आन् हळद. पर तो मानतो. बसलिंगप्पा मानतो. तुमच्यातली मेंबर सत्यभामाबाई तर दर रविवारी मल्लण्णाचा उपास करती. रोज तो तुला धर्म इचारतो. एकदा त्यानं त्याचा धर्म दाखवावा की!

तो गप बसल असं मी म्हणत न्हाई. त्याला भाऊबंद हायेत, मेव्हणे हायेत, त्यांनी कुठं भंडारा उचललाय? त्यातला कुणी तरी वर कागद करील. तुझी जागा जाईल. मी तुला खोटं कामून सांगू? जाईलच. पर ठराव झाल्यावर जाईल, आधी न्हाई.

खुर्ची आन् नळ दोन्ही तुला मिळणार न्हाईत. नळ आन् माय मिळतील. एवढाच हिशोब हाय, मला दुसरा येत न्हाई.

अध्यक्ष हैस तोवर पहिला विषय कोणता घ्यायचा, हे तरी तुझ्या हातात हाय का न्हाई?

आक्का


बोळसूर,
२९ जुलै १९८४

चांगुणाक्कास पिराजीचा जयभीम, जयभीम, जयभीम! राहिलेले सगळे एकदम घे.

मधी पत्र न्हाई म्हणून तू लिंगराजला रोज धारेवर धरायलीस म्हणं. बिचारा म्हणला, "तुमच्या आक्काचा चहा आता मला कडू लागायलाय." पर सगळं निस्तरल्याबिगर लिहायचं न्हाई, असं मी ठरवलं व्हतं.

सभेच्या दिवशी तुझा पांढरा सदरा घातला. बसल्या बसल्या म्हणलं, "पहिला विषय, भीमनगरचा नळ." कारकून कागद चाळायला लागला, म्हणला तो विषय शेवटी हाय. म्हणलं, होता. आता पहिला हाय.

भगवानरावनं पान लावत लावत, माझ्याकडं न बघताच इचारलं, "अध्यक्षसाहेब, तुमचा धर्म कोणता?"

आक्का, मी उठलो. टेबलाला धरलं. म्हणलं, "बौद्ध. माझा बाप बौद्ध व्हता, माय बौद्ध हाय, मीबी बौद्ध हाय. अर्ज भरताना मी खोटं बोललो. आता पहिल्या विषयावर मत घ्या."

  मग भगवानराव ताडकन उठला. म्हणला, "लिहून घ्या, लिहून घ्या! उद्याच वर कागद करतो. ह्याला राखीव जागेवर बसायचा हक्क न्हाई!"

तवा सत्यभामाबाई बोलली. ती सभेत कधी बोलत न्हाई, डोईवरचा पदर सावरत बसून राहती. म्हणली, "भगवानराव, बसा खाली. मल्लण्णाच्या पायरीवर काय म्हणलाव? एकमेकावर कागद करणार न्हाई म्हणलाव का न्हाई? तुमच्या मागनं मी म्हणले. माझ्या घरात नातू आजारी हाय, मला तुमच्या पापात वाटा नको." भगवानराव म्हणला, "अहो, पर त्यानं तर खोटाच भंडारा उचलला!" ती म्हणली, "त्यानं खोटा उचलला आसंल. तुम्ही तर खरा उचलला ना?"

आन् भगवानराव बसला, आक्का. हातातलं पान तोंडात घालायचं इसरला. बसलिंगप्पानं सगळ्यात आधी हात वर केला. आपल्या बायांची दया आली म्हणून केला असं मला वाटत न्हाई. भगवानरावची फजिती बघून त्याला उकळ्या फुटायल्या. पर हात तो हात. ठराव झाला.

पाइप टाकीखाली पडलेलेच व्हते. मृगाच्या आत नाला ओलांडून आले आन् भीमनगरच्या चौकात तोटी बसली. भगवानरावचा माणूस नारळ घेऊन आला. कमलनं तो दगडावर फोडला, खोबऱ्याचे तुकडे करून जमलेल्यांना खायला वाटले आन् म्हणली, "झालं, आता घागरी आणा." बाया नंबर लावायलाच इसरल्या. एवढी वर्षं शेवटी उभं राहायची सवय, आता पहिली कोण हूवं कुणालाच कळंना. एकमेकीला म्हणायल्या, तू हो, तू हो.

भगवानरावनं शबुद पाळला. त्यानं कागद केला न्हाई. त्याच्या मेव्हण्यानं केला. तू म्हणली व्हतीस तसंच. गेल्या हप्त्यात बिदरला बोलावलं. मायनं हट्ट धरला, मीबी येते. तिला बाहेर पायरीवर बसवलं. आत साहेबानं मान वर न करता इचारलं, "धर्म?" तोच शबुद, आक्का. ह्या टायमाला मागं कुणी उभं नव्हतं. मी म्हणलं, बौद्ध. साहेबानं वर बघितलं. हळूच म्हणला, "बघा, इचार करून सांगा. हिंदू म्हणालात तर हा तक्रारअर्ज फेटाळतो, विषय संपला." भला माणूस व्हता. दार उघडून धरलं व्हतं त्यानं. म्हणलं, साहेब, मोठ्यानं सांगू का? ऐकू गेलं न्हाई का?

जागा गेली. आता पोटनिवडणूक. जागा राखीवच, आन् जो उभा राहील त्याला तोच प्रश्न. परवा आपला हरिबा दुकानात आला. म्हणला, "दादा, मी उभा राहू म्हणतो. धर्म इचारला तर काय सांगू?" मी सुई ओवायलो व्हतो, दोरा काही जाईना.  काय सांगायचं त्या पोराला? माझी सुटका झाली, पर ते दार तसंच हाय. त्याच्या म्होरं आता हरिबा उभा हाय. तुझ्या वकिलाला इचार, हा कायदा कवा बदलंल म्हणून. न्हाई तर भीमनगरनं दर निवडणुकीला एक माणूस हिंदू करून धाडायचा का?

बिदरहून बस उतरून चौकात आलो. माय नळापाशी थांबली, तोटी सोडली. म्हणली, "तोंड धू." धुतलं. साबण नव्हता. तिनं ओल्या हातानं माझं थोबाड धरलं, उजेडाकडं फिरवलं आन् लई येळ बघत राहिली. मी इचारलं, "अजून पिवळं हाय का?"

ती म्हणली, "चल, भूक लागली आसंल. मी भाकरी टाकते, तुझ्याच चुलीवर."

तुझा,
पिराजी शिंपी (राव गेला, दुकानाला फळी लावलीय)